तुतीवरची काळी द्राक्षं

माल्खाज ज्या घरात जन्मला ते घर त्याच्या बापाचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, एका नोव्हेंबरात, सोव्हिएत सैनिकांनी जॉर्जियाच्या मेस्खेती भागातल्या मुसलमानांना गाड्यांत कोंबून दूर मध्य आशियात धाडलं आणि त्यांच्या घरांत डोंगरापलीकडची माणसं आणून बसवली. आई सांगायची, "आम्ही आलो तेव्हा परातीत मळलेलं पीठ गोठून दगड झालं होतं."

घरामागच्या पायऱ्यांच्या शेतातल्या द्राक्षवेली वाळून गेल्या. एकच तेवढी जुन्या तुतीवर चढून रानटी झाली. आई तिला हात लावू देत नसे. "त्यांची आहे रे, राहू दे."

आई गेली, त्या वर्षी माल्खाजने तुतीला शिडी लावली. द्राक्षं बारीक, काळीभोर, जाड सालीची. त्यानं ती तुडवून अंगणात पुरलेल्या रांजणात भरली. वसंतात झाकण काढलं, तर वाईन शाईसारखी गडद. चव रानटी आलूबुखाऱ्याची, आणि मागून चुलीच्या धुराची.

बायकोनं, एतेरीनं, एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"माल्खाज, हिच्यात कुणीतरी आहे."

"द्राक्षं आहेत, दुसरं कोण असणार?"

तो हसला खरा, पण त्यालाही पेला संपवता आला नाही.

राजधानीतून वाईनचे दर्दी आले. असली लाल वाईन अख्ख्या जॉर्जियात चाखली नाही म्हणाले. "द्राक्षाची जात कुठली? बाटलीवर नाव काय लिहिणार?" माल्खाजला ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं.

पुढच्या हंगामात अझरबैजानहून एक गाडी आली; धाडलेल्यांपैकी काहीजण पुढे तिकडे येऊन राहिले होते. पुतण्याचा हात धरून एक म्हातारी उतरली, गुलसुम. ती फाटकातच थांबली आणि मोडक्या जॉर्जियनमध्ये म्हणाली, "तुती आहे का अजून?"

माल्खाज काय समजायचं ते समजला. तिला घरामागे घेऊन गेला. तिनं एक द्राक्ष तोंडात टाकलं, सालीसकट चावत राहिली.

"आम्ही वाईन नाही करायचो, लेकरा. आई हिची काकवी करायची."

"आजी, नाव काय हिचं?"

"नाव?" ती आठवत राहिली. "आई नुसतं 'आपली' म्हणायची."

माल्खाजनं घराकडे हात केला. "घर बघताय?"

"नको. आत शिरले तर बाहेर पडवणार नाही मला."

त्या हिवाळ्यात त्यानं वेलीच्या काड्या ओल्या गोणपाटात बांधून परत आलेल्या पुतण्याकरवी गुलसुमला पाठवल्या. उन्हाळ्यात त्याचा फोन आला. तिकडच्या सपाटीवरच्या उन्हात एकही तगली नाही.

वाईन तो अजून करतो. बाटल्या कोऱ्याच जातात. शेंड्यावरचे घोस मात्र आता तोडत नाही. थंडी पडेपर्यंत ते नाहीसे होतात.

"पाखरं खातात," एतेरी म्हणते.

माल्खाज मान डोलावतो. त्या दिवसांत तो मागच्या दाराला कडी लावत नाही.