नवव्या वळणातला प्रवासी

मला गाडी लागते. थोडीथोडकी नाही, काळेवाडीतून निघालेली कॅब डांगे चौकात पोचेपर्यंत माझा चेहरा पांढराफटक पडतो. अशी मी हिंजवडीतल्या ऑफिसात बसून रेसच्या गाड्यांचा ट्रॅक काढत होते! आंतरराष्ट्रीय मालिकेसाठी परदेशात होणारा नवाकोरा ट्रॅक, त्यातली चार वळणं आमच्या टीमकडे आणि त्यातलं नववं माझं एकटीचं. लहानपणी आई येईल-जाईल त्याला सांगायची, "या पोरीला काही वळण नाही." आता मी वळणंच काढते हे सांगितलं, तर म्हणाली, "चला, उशिरा का होईना."

नववं वळण स्क्रीनवर फार देखणं दिसायचं. डावीकडे एक वळसा, मग छोटासा सरळ तुकडा, मग पुन्हा डावीकडे वळसा. जेवताना मी ते मोबाइलवर उघडून बघायचे. सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये परदेशातल्या मुख्य डिझायनरने त्यावर बोट ठेवलं.

"या सरळ तुकड्यावर ड्रायव्हरचे हात काय करत असतात?"

मला सांगता येईना. येणार कसं? आयुष्यातली झाडून सगळी वळणं मी डोळे मिटून, नाकाला रुमाल लावून पार केलेली. लायसन्स होतं, पण ते ओळखपत्र म्हणून दाखवायला. शुक्रवारी सांगते, मी म्हणाले. तो म्हणाला, ठीक आहे, नाहीतर हे काढून दुसऱ्या ट्रॅकवरचं एखादं चाललेलं वळण इथे बसवू. लॅपटॉप मिटला आणि मला चक्क रडू आलं.

घरी पप्पांना सांगितलं. पप्पांनी तीस वर्षं कंपनीची बस चालवली. काळेवाडीतून पहिल्या शिफ्टची माणसं भरायची आणि चाकणला उतरवायची. ते हसले.

"अगं, जो चालवतो त्याला गाडी लागत न्हाई. तू इष्टेरिंग हातात घे."

गुरुवारी चाकणच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी. मी रजा टाकली. चाकण रोडवर कंटेनर उभे करायचं एक मोठं आवार त्या दिवशी रिकामं असतं आणि तिथला वॉचमन पप्पांच्या ओळखीचा. पप्पांच्या जुन्या छोट्या गाडीतून तिथवर गेलो, अर्थात माझे डोळे मिटलेले. मग मी टेप धरून ड्रॉइंगच्या चौथाई मापात खुणा केल्या आणि पप्पा भोकं पाडलेल्या डब्यातून चुन्याची फक्की सोडत मागून चालले. वॉचमन खुर्ची घेऊन आला.

"काय राव, कबड्डीचं मैदान का?"

"विमानतळ," पप्पा म्हणाले.

मी स्टिअरिंगला बसले, पप्पा शेजारी. तीनदा गाडी बंद पडली. चौथ्यांदा निघाली ती निघालीच! एक फेरी झाली, दुसरी झाली, पोटात काही म्हणजे काही नाही. वळण माझ्याकडे येत होतं आणि मी उघड्या डोळ्यांनी त्यात शिरत होते. मी ओरडत होते, हॉर्न वाजवत होते. पस्तीस वर्षांची बाई, दुसऱ्या गिअरमध्ये, आनंदाने नुसती वेडी झाले होते. सहाव्या फेरीला पप्पा हळूच म्हणाले, "थांब."

मला वाटलं घाबरले. ते दार उघडून उतरले, भिंतीपाशी गेले आणि भडाभडा ओकले.

मी पाण्याची बाटली घेऊन धावले. त्यांनी चूळ भरली आणि भांबावून माझ्याकडे बघितलं.

"गाडी लागली गं मला."

मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. "तीस वर्षं सगळ्यांना फिरवलं. मला कधी कुणी फिरवलंच न्हाई! मला काय ठाऊक, आपल्याला लागती का न्हाई ते!"

मीही पोट धरून हसत होते. पप्पांना शेजारी बसवून फिरवावं, हे एवढ्या वर्षांत मलाही कधी सुचलं नव्हतं. पप्पांनी तोंड पुसलं आणि फक्कीच्या रेषेकडे बोट केलं.

"पण दर फेरीला एकाच जागी ढवळलं. त्या मधल्या तुकड्यावर. तिथं तू इष्टेरिंग सोडतीस, गाडी सरळ होतीय न होतीय तोवर परत वळवतीस. वळण एक असंल तर हात एकदाच फिरला पाहिजे."

मी एकटीच एक फेरी मारून आले, फक्त हातांकडे लक्ष ठेवून. खरंच, हात सुटत होते, गोंधळत होते, पुन्हा धरत होते. मग मी चपलेने मधली फक्की पुसली, दोन्ही वळसे एका सलग रेषेत जोडले आणि पुन्हा गेले. हात एकदाच फिरला.

दुपारी घरी येऊन ड्रॉइंग सुधारलं. आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलाचं कारण लिहायची चौकट असते. रिकामी ठेवता येत नाही. मी खरं तेच लिहिलं: प्रवाशाला मळमळ.

शुक्रवारी मुख्य डिझायनर ती चौकट वाचून थबकला.

"रेसच्या गाडीत प्रवासी कुठून आला?"

"माझ्या गाडीत होता," मी म्हणाले. "माझे वडील. त्या तुकड्यावर ड्रायव्हरचे हात गोंधळतात, हे आधी त्यांच्या पोटाला कळलं."

त्याने नव्या रेषेवरून माउसचा बाण हळूहळू दोनदा फिरवला.

"राहू द्या. पुढचं दाखवा."

मीटिंग संपताच मी जिन्यात जाऊन किंचाळले आणि घरी फोन लावला. "पप्पा, वळण राहिलं!"



"मग येत्या गुरुवारी मला परत फिरव," ते म्हणाले. "सकाळपास्नं काही खाणार न्हाई."