ठेकेदाराच्या कागदावरची माझी सही

साठच्या दशकात मी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात ठेकेदाराच्या मजुरांची हजेरी घ्यायचो. आयकर वाचवायला त्याने अर्धा ठेका कागदोपत्री माझ्या नावावर केला. "नुसती सही कर, बाकी मी पाहून घेतो," म्हणाला. नोकरी जाईल या भीतीने मी केली. वर्षभराने कराची नोटीस माझ्याच घरी आली, तेव्हा त्याने हात वर केले.

मी अमरावतीला आयकर कचेरीत गेलो.

"मजुरांना पैसे कोण देतं?" साहेबांनी विचारलं.

"ठेकेदारच, साहेब. मले बी तोच पगार देते. पण सही माझीच आहे."

त्यांनी जबाब लिहून घेतला. "सही करण्यात तुमची चूक झालीच. पण कर त्यालाच भरावा लागेल. घरी जा."

परतीच्या एस.टी.त अमरावतीला लागूनच असलेलं बडनेरा यायच्या आधीच मला गाढ झोप लागली. अकोल्यात कंडक्टरने हलवून उठवलं.