पोरं पोचवणाऱ्या जानकीमावशी

१९५५ साली आमच्या अंधेरीत चार वर्षांच्या मुलाला घालायला तीन जागा होत्या, आणि त्या तिन्हींवरून आमच्या घरात महिनाभर वाद चालला.

एक म्युनिसिपालिटीची शाळा. तिथल्या बालवर्गात साठ मुलं, एक मास्तर, आणि पहिल्या दिवसापासून पाटीवर गिरवणं. दुसरी मिशनची इंग्रजी शाळा. आणि तिसरं म्हणजे मरोळच्या रस्त्याला सुनंदाताईंनी आपल्या बंगलीच्या पडवीत नुकतंच काढलेलं बालमंदिर. तिथं पाटी नव्हती, छडी नव्हती. मुलं मणी ओवायची, लाकडी ठोकळे रचायची, छोट्या तांब्यातून पाणी ओतायची.

शेजारच्या वसुधाबाई म्हणाल्या, "अगं, इंग्रजीत घाल सरळ. माझा श्यामकांत बघ, गुड मॉर्निंग म्हणतो आता."

"म्हणतो खरा," आमच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "पण दिवेलागणीला म्हणतो."

सासूबाईंना बालमंदिरही पसंत नव्हतं. "पाणी ओतायला पैसे देऊन शिकवायचं? आमच्या मोरीत काय कमी पाणी सांडतं?" आमचे हे फोर्टात कचेरीत कारकून. ते म्हणाले, "तू जाऊन बघून ये, तुला पटेल तिथं घालू."

मी तिन्ही ठिकाणी जाऊन आले. बालमंदिरात एक मुलगी पाणी ओतत होती. ते सगळं जमिनीवर सांडलं. मी दचकले, आता ओरडा बसणार! पण सुनंदाताईंनी तिच्या हातात नुसतं फडकं दिलं. मुलीनं पुसलं आणि परत तांब्या भरला. एवढं बघितलं आणि माझं मन ठरलं.

माझ्या मुलीच्या, क्षमाच्या बाबतीत मला काळजी होती, ती वेगळी. धाकट्याच्या बाळंतपणात मला विषमज्वर झाला होता, म्हणून क्षमाला दीड वर्ष माझ्या माहेरी, कुडाळजवळच्या आमच्या गावी, आईपाशी ठेवलं होतं. ती परत आली ती अस्सल मालवणी बोलतच. 'माका होया' म्हणजे मला हवं, 'खय गेलंस' म्हणजे कुठं गेली होतीस, 'कित्याक' म्हणजे कशाला. सासूबाईंचा जन्म गिरगावातला, बोलणं स्वच्छ. त्या कपाळाला हात लावायच्या. मला लग्नानंतर पहिल्या वर्षीच त्यांनी माझं बोलणं सोडायला लावलं होतं, आणि मीही ते इतकं सोडलं होतं की गावचं माणूस भेटलं तरी मी पुस्तकातल्यासारखं बोलायची.

बालमंदिरात पोरं पोचवायला एक बाई होत्या, जानकीमावशी. हे त्यांचंच सांगायला बसले आहे.

मावशी वेंगुर्ल्याकडच्या. नवरा सहदेव परळच्या गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला. मग त्या भावाच्या आधारानं जोगेश्वरीला राहायला आल्या. उंचीनं ठेंगण्या, काळ्यासावळ्या, नऊवारी लुगडं गुडघ्याच्या जरा खालीच, आणि पायात कधी वहाण नाही. अक्षरओळख शून्य. पण सोळा पोरांची सोळा घरं, कुणाला कडेवर घ्यावं लागतं, कुणाला कुत्र्याची भीती, कुणाची आई उशिरा उठते, सगळं त्यांना पाठ.

त्यांच्याजवळ एक लांब दोर होता. त्याला हात हात अंतरावर गाठी, आणि प्रत्येक गाठीला निराळ्या रंगाची चिंधी बांधलेली. ज्याची त्याची गाठ ठरलेली. घराशी आल्या की हाक मारायच्या, "चला रे, गाठ धरा!" आणि पोर येऊन आपली चिंधी मुठीत धरायचं. बैलगाडी आली, घोडागाडी आली की दोर एका बाजूला ओढून घ्यायच्या. सोळाच्या सोळा पोरं गटाराच्या कडेला सरळ रांगेत. कोण कोणाच्या शेजारी चालेल हेही त्याच ठरवत. खोडकर दोघं कधी लागोपाठ नसत. क्षमाला त्यांनी पहिली गाठ दिली, अगदी आपल्या हातालगतची.

क्षमा निमूट जायची, निमूट यायची. मला वाटलं, रमली.

भाद्रपदात सुनंदाताईंनी मला बोलावून घेतलं. त्या फार शिकलेल्या, पण बोलणं मऊ. म्हणाल्या, "क्षमाच्या आई, तुमची मुलगी अडीच महिन्यांत एक शब्द बोललेली नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. नाव विचारलं तरी नाही. पाणी हवं असलं तरी नाही. कामं सगळी करते, हात चांगला आहे. पण तिला कळतं की नाही, ऐकू येतं की नाही, मला काही सांगता येत नाही. माझ्याकडे जागा सोळाच. दिवाळीपर्यंत बघू. नाही तर तिला यंदा घरी ठेवा. आणि तिला डॉक्टरांना दाखवा."

घरीही ती अलीकडे 'हो', 'नाही', 'नको' एवढंच बोलत होती, हे मला तेव्हा कुठं ध्यानात आलं. मुलगी शांत झाली म्हणून मी खूश होते!

मग उपाय सुरू झाले. डॉक्टरांनी कान बघितले, जीभ बघितली, म्हणाले ठीक आहे. सासूबाईंनी वेखंड उगाळून मधातून चाटवलं. पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की मुलाला वाचा फुटते म्हणून त्यांनी कुणाकडून तरी तसला पेरूही आणवला.

"पोपटानंच खाल्लाय कशावरून?" ह्यांनी विचारलं. "चिचुंद्री पण खाते."

"तू गप्प बस मधू. चिचुंद्री खाईल तर चिचुंद्रीसारखं बोलेल, पण बोलेल तरी."

मी जोगेश्वरीच्या गुंफेत देवीला जाऊन आले. चांदीची जीभ वाहीन म्हणून नवस बोलले. अंधारात, ओल्या दगडावर डोकं टेकून मी म्हटलं, आई, माझं पोर मुकं होऊ देऊ नकोस. आणखी काय मागणार?

नवरात्र आलं, दसरा गेला. क्षमा गप्पच.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मावशी पोरांना घेऊन आल्या. दोर त्यांनी आमच्या खिडकीच्या गजाला अडकवला आणि मला बाजूला बोलावलं.

"बाईनू, एक इचारू? रागावतलास नाय मा?"

"विचारा की."

"तुमच्या चेडवाचा नाव शाळेतसून काढतले म्हणान ऐकलंय. खरा?"

मला रडूच आलं. "काय करू मावशी? बोलतच नाही ती."

"कोण म्हणता बोलणा नाय? सगळ्या वाटेन बोलता! माझो कान खाता."

मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत. जरा चिडूनच म्हटलं, "मावशी, असलं काही सांगू नका. मी आई आहे तिची. माझ्याशी नाही बोलत, ती तुमच्याशी बोलते?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तिका गप बस म्हणान कोणी सांगला?"

मी 'कुणी नाही' म्हणणार होते.

मीच सांगितलं होतं. बालमंदिराच्या पहिल्या दिवशी वेणी घालताना, आणि नंतर रोज सकाळी. "तिथं माका-तुका करायचं नाही हं. खय-फय म्हणायचं नाही. सगळे हसतील. शुद्ध येत नसेल ना, तर गप्प बसायचं." रोज तेच, वेणीच्या पेडागणिक.

"चेडू गुणी आसा," मावशी म्हणाल्या. "आवशीन सांगला गप बस, बसला. माझ्याकडे कोण हसूचा? मीच माका-तुका करतंय."

एवढं बोलून त्यांनी दोर सोडला आणि निघाल्या. पोरं कंटाळून एकमेकांना ढकलत होती.

त्या दुपारी मी सुनंदाताईंकडे गेले. कबूल करायला फार जड गेलं. आपलं माहेर, आपली भाषा, आपली लाज, सगळं त्या शिकलेल्या बाईपुढे उघडं करायचं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलं नसावं. म्हणाल्या, "वाटेत दोन शब्द बोलत असेल. पण मला स्वतः ऐकलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्या सकाळी आमच्या गल्लीत आल्या. त्या आणि मी, दोघी पोरांच्या मागून वीस पावलांवर चाललो. मावशींना ठाऊक होतं, पोरांना नाही. वाटेत म्हशींचा गोठा लागतो. तिथं दोर थांबला, तशा आम्ही कुंपणाच्या आड उभ्या राहिलो. आणि मी माझ्या मुलीचा आवाज ऐकला. खणखणीत.

"मावशी, काल हयसर म्हस होती, ती आज खय गेली?"

"दूध काढूक नेली असतली."

"आणि तिचा रेडकू?"

"ता बघ, थयसर बांधलेला आसा."

"ता रडता मावशी. आवशीक सोदता. तेका कोणी सांगूक नाय, आवस येतली म्हणान?"

"तू सांग बघू तेका."

क्षमानं गाठ सोडली, कुंपणाच्या बांबूंना धरून वाकली आणि त्या रेडकाला म्हणाली, "रडा नको. तुझी आवस येतली. माझी पण इल्ली, माका न्हेवूक."

मी पदर तोंडात धरला. सुनंदाताईंनी माझा दंड घट्ट पकडला होता. तो त्यांनी स्वतःच्या आधारासाठी धरला की मला धरून ठेवायला, कोण जाणे. पुढे दोर हलला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तिचे कान बघायला सांगितले होते. बघायला हवे होते माझे."

बालमंदिरात पोचल्यावर त्यांनी मावशींना पडवीत बोलावलं. एरवी मावशी बाहेर पायरीवर, चपलांपाशी बसायच्या.

"जानकीबाई, आजपासून आत बसा."

"आत? मी काय करू आत? माका लिवाक-वाचूक येणा नाय."

"बोलायला येतं ना?"

"ता काय, झोपेत पण बोलतंय."

सगळं काही त्याच दिवशी जमलं असं नाही. पहिले तीन दिवस क्षमा मावशींच्या मांडीला चिकटून बसली, तोंड मिटून. मी मात्र सकाळी वेणी घालताना आता सांगत होते, "तुला येईल तसं बोल हं बाळ." ती आरशातून माझ्याकडे संशयानं बघायची. रोज गप्प बस म्हणणारं माणूस असं मधेच फिरलं तर मूल तरी काय समजणार?

शुक्रवारी मी तिला न्यायला जरा लवकर गेले आणि जाळीशी उभी राहिले. सुनंदाताई चित्रं दाखवत होत्या. कोंबड्याचं चित्र वर धरलं आणि विचारलं, "हा कोण?" दोन-तीन मुलं ओरडली, "कोंबडा!" मावशी आपल्याच नादात म्हणाल्या, "आमच्याकडे होच मोठो असता, लाल तुऱ्याचो."

आणि क्षमा म्हणाली, "कोंबो."

एक मुलगा फिसकन हसला. क्षमाची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं आता! पण हसणाऱ्याच्या शेजारी बसलेला जयंती नावाचा गुजराती मुलगा एकदम उठून म्हणाला, "आमारा घरी कूकडो बोलते!" मग कुणी म्हणालं मुर्गा, कुणी म्हणालं आमची आजी त्याला मेल्या म्हणते. हसणाराही ओरडायला लागला. सुनंदाताई 'हळू, हळू' म्हणतायत, कुणी ऐकेना. आणि त्या गदारोळात क्षमा गुडघ्यांवर उभी राहून, दोन्ही हात हलवून सांगत होती, "माझ्या आजयेकडे तीन कोंबे! एक चावता!"

तिचं नाव काढलं नाही. दिवाळीनंतर मावशींना दर शनिवारी गोष्ट सांगायचं काम मिळालं. वाघ, कोल्हा, समुद्र, भुतं. भुतं सुनंदाताईंनी बंद केली तर पोरं रुसली. एकदा मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्ही आता शिक्षिका झालात." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या चेडवान, प्रेमान, शाळेचा दार बघूक नाय. लगीन झाला चौदाव्या वर्षी. आता तिच्या पोराक घालतंय हयसरच. सुनंदाताईक इचारलंय. सतरावी गाठ बांधूची लागात." मी विचारलं, सतरावी जागा द्यायला ताई तयार झाल्या? "झाल्यो," मावशी म्हणाल्या, "मी आत बसतंय मा, माझ्याच बाजूक तेका जागा केली."

पण त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं.

घरी येऊन मी दिवा लावला. क्षमानं हात जोडले, मी शुभं करोति म्हटलं. सासूबाई जपाला बसल्या होत्या. क्षमा देवापुढच्या पाटावर बसून राहिली, काहीतरी सांगायचं होतं तिला, पण ओठ हलून परत मिटत होते. बालमंदिरात कोंबो म्हणणं वेगळं आणि घरात, आजीसमोर, आईसमोर म्हणणं वेगळं. तिला तेवढं कळत होतं. आठ वर्षांत ह्या घरात मी जे बोलले नव्हते ते आता मीच आधी बोलायला हवं होतं. सासूबाईंच्या हातातली माळ थांबल्यासारखी वाटली. मी देवीचं नाव घेतलं आणि तिच्याजवळ खाली बसले.

"काय गो बाय," मी म्हटलं, "आज काय केलंस शाळेत? माका सांग."

क्षमानं डोळे मोठे केले. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आजीकडे, परत माझ्याकडे. तिनं माझ्या ओठांना बोट लावलं, आवाज खरंच तिथून आला की काय ते बघायला.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुका पण येता?"

"येता गो," मी म्हटलं.