ह्यांच्या आयडीवर

ह्यांना जाऊन दोन महिने झाले होते. शाळेच्या ग्रंथालयात मी नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत बसले होते. विज्ञानाच्या बाईंनी मोबाईलवरून इडली मागवली होती. त्यांनी सहज मोबाईल पाहिला आणि पालथा ठेवला. मी विचारलं तेव्हा नाइलाजाने माझ्यापुढे धरला. पार्सल आणणाऱ्याच्या जागी ह्यांचं नाव होतं, ह्यांचा फोटो होता. खासबागेतून निघाले होते.

फाटकाशी आले ते माझे धाकटे दीर. मला पाहताच त्यांनी हेल्मेट काढलं.

"वैनी, सांगनारच हुतो तुमास्नी."

दोघे भाऊ इथे सीमाभागात, वडगावात पॉवरलूमवर साड्या विणायचे. माग बंद पडले तेव्हा दोघांनीही पार्सल पोचवण्याच्या कामासाठी नाव घातलं. ह्यांना आयडी मिळाला, भावजींना नाही. त्यांचं आधार कार्ड करताना कन्नडमध्ये कुणीतरी नावामागे 'अप्पा' जोडलं होतं. लायसन्सवर ते नव्हतं. कंपनीच्या लेखी ही दोन माणसं होती. "सरकारनं मला अप्पा केलं, आनि त्या अप्पाकडं लायसन न्हाय," असं ते सगळ्यांना हसून सांगायचे. ह्यांच्यामागे मोबाईल त्यांच्याकडेच राहिला होता. अ‍ॅप रोज सकाळी चेहऱ्याचा फोटो मागतं. भावांची तोंडं सारखी, त्यामुळे ते चालून गेलं.

कंपनीला का कळवलं नाही, असं मी विचारलं. भावजींना या प्रश्नाचंच नवल वाटलं. आमच्या आळीत विणणारा गेला आणि मागावर साडी अर्धी असली, तर ती कापून काढत नाहीत. दिवस झाले की भाऊ किंवा मुलगा त्या मागावर बसतो. साडी गेलेल्याच्या नावानेच दुकानात जाते.

"दादाचं काम अर्धं ऱ्हायलं हुतं. मी बसलो. ह्यात चोरी कसली?"

सासरे गेले तेव्हा हेही असेच बसले होते.

पुढे नवा कायदा आला. पार्सलवाल्यांनी स्वतःच्या नावाने सरकारी नोंदणी करायची होती. चौकात पोलीस आयडी आणि चेहरा ताडून पाहू लागले. दुसऱ्याच्या आयडीवर फिरणाऱ्या दोघांच्या गाड्या ठाण्यात गेल्या. भावजींच्या घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं. एका रविवारी ते आले.

"दादाच्या नावाच्या नोंदनीला तुमी चला. दादा गावाला गेलाय म्हना. नाव दुरुस्त हुईस्तवर तेवढं रेटू."

येते म्हटलं. काय बोलेन ते सांगितलं नाही. मला स्वतःलाही ते ठरवता आलं नव्हतं.

नोंदणीच्या टेबलावर एक कन्नड बाई होती. तिने मोबाईलमधला फोटो पाहिला, भावजींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "यजमानरु यल्लिद्दारे?" तुमचे यजमान कुठे आहेत? उत्तर मी पाठ करून आले होते. ऊरिगे होगिद्दारे. गावाला गेलेत. तोंडून आलं ते फक्त "होगिद्दारे". गेलेत.

"यल्लिगे?" कुठे?

मी पर्समधून मृत्यूचा दाखला काढून टेबलावर ठेवला. तिने तो दोनदा वाचला. मग आयडी बंद करण्याचं पत्र केलं. भावजींना ओरडली नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं लिहून आणा, नोटरी करा, मग तुमची नोंदणी बघू, एवढं म्हणाली.

बाहेर आल्यावर भावजी पायरीवर बसले. पाठीवरची पार्सलची पिशवी त्यांनी काढलीच नव्हती, त्यामुळे नीट टेकता येत नव्हतं.

"एकच शब्द जास्तीचा बोलायचा हुता, वैनी."

"होय."

"आता म्हैना दोन म्हैने बसायचं घरात."

मी शेजारी बसले आणि कोरा कागद काढून अर्ज लिहायला घेतला. आधारवरचं नाव, लायसन्सवरचं नाव, दोन्ही माझ्या दिराचीच, माणूस एकच. भावजी खांद्यावरून वाचत होते.

"आनि मी जित्ता हाय, त्येबी लिवा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून राग होता.

त्याची गरज नव्हती. तरी लिहिलं.