तो दगड माझा होता

विलास गेल्याची बातमी मला सगळ्यांच्या शेवटी कळली. मी वर्ध्याला, तो देवळीला, मधे एसटीचा जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. आणि फोन आला कुठून, तर नागपूरहून. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात मी एका गिऱ्हाईकाला बिजागऱ्या दाखवत होतो, तेवढ्यात आमच्या छंदातला तिकडचा एक पोरगा रडवेल्या आवाजात म्हणाला, ''काका, विलासभाऊ गेले... तुम्हाला तर माहीत असेलच.'' मी म्हणालो, ''हो, माहीत आहे.'' काय करणार? शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राच्या मरणाची खबर मला नागपूरच्या पोरानं द्यावी, हे कबूल करायला जीभ रेटेना. सकाळी दुकानाचं शटर वर करताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथंच पायरीवर बसला, एवढं मला नंतर कळलं. बिजागऱ्या तशाच टाकून मी निघालो. बसमध्ये डोळे भरून येत होते, आणि त्यातही एक गोष्ट मनातून हलत नव्हती... तो पोरगा त्याला 'भाऊ' म्हणाला आणि मला 'काका'. आम्ही एका वयाचे होतो हो! उलट विलासच माझ्यापेक्षा थोडा मोठा. पण हे आयुष्यभर असंच चाललं. त्याला भाऊ, मला काका.

या पुरवणीच्या वाचकांपैकी बहुतेकांना आमचा छंद ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एखादी डबी कुठंतरी लपवून ठेवायची, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी हातात जीपीएसचं यंत्र घेऊन ती शोधायची. सापडली की आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, आतली एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबी होती तशी परत लपवायची. बस, एवढंच. बायको म्हणते, रिकामटेकड्यांचा धंदा. दोन हजार सालानंतरच्या एका दिवाळीत माझा अमेरिकेतला भाचा आला, त्यानं हे यंत्र आणलं आणि हे वेड मला लावून गेला. तेव्हा आख्ख्या वर्धा जिल्ह्यात नकाशावर एकच ठिपका होता आणि तो माझा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण आता कुणी ते सांगत नाही. मी सुरू केलं. विलासला मीच ओढलं. त्याच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून मीच त्याला यंत्र कसं धरायचं ते शिकवलं. तो ते उलटं धरून म्हणाला होता, ''याच्यात बॅटरी कुठी टाकाची बे?'' आणि पुढच्या वर्षी लोक म्हणायला लागले, ''वर्धा जिल्ह्यात जायचं तर विलासभाऊंच्या डब्या बघायला.'' घ्या!

माझ्या डब्या काय वाईट होत्या? माझं दुकानच हार्डवेअरचं. नट, बोल्ट, पाइप, चुंबक, सगळं हाताशी. नालवाडीकडच्या एका पुलाच्या कठड्याला मी पोकळ बोल्ट बसवला होता, आत गुंडाळीची चिठ्ठी. बाहेरून बघाल तर इतर बोल्टांसारखाच बोल्ट. पिपरी मेघेला नव्या लेआउटमध्ये, जिथं तेव्हा नुसतीच आखणी झाली होती आणि घरं उभी राहायची होती, तिथं मी पाण्याची एक खोटी तोटी उभी केली. फिरवली की उघडायची आणि आत डबी. पुण्याचं एक जोडपं भर उन्हात तिथं इतक्या घिरट्या घालत राहिलं की शेजारचा एक जण त्यांना प्लॉटचे दलाल समजून भाव विचारायला आला. त्यांनी इंटरनेटवर लिहिलं, 'नाही सापडली. डोकं दुखलं.' मला काय आनंद झाला म्हणून सांगू! डबी कशी हवी, तर सापडायला नको अशी, हे माझं मत होतं आणि अजूनही बऱ्यापैकी आहे. विलासला मी मोठ्या तोऱ्यात तिथं नेलं. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाला, ''इथं नळयोजना तं आलीच नाई अजून. मंग हे तोटी कायची?'' झालं. उठला आणि तोटी फिरवली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आणि त्याच्या डब्या! दंतमंजनाचा रिकामा डबा, दोन दगडांच्या मागं ठेवलेला. आंधळ्यालाही सापडावा. कला म्हणून काही नाही त्यात. पण जागा... जागा मात्र त्यानं कुठून शोधल्या होत्या कोण जाणे. यशोदा नदीच्या काठाला एक उंचवटा आहे, तिथं त्यानं एक डबा ठेवला आणि इंटरनेटवर लिहिलं, 'उन्हाळ्यात येऊ नका, दिवाळीत येऊ नका, फाल्गुनात या.' फाल्गुनात तिथून खाली बघावं तर पळसच पळस, सगळं रान पेटल्यासारखं. लोक डबा दोन मिनिटांत शोधायचे आणि तिथंच बसून राहायचे. परतताना देवळीत त्याच्या दुकानी चहा. मग इंटरनेटवर पानभर लिहायचे, की विलासभाऊ, आमच्या बाबांना तिथं नेलं, ते वर्षभरात पहिल्यांदा स्वतःहून बोलले... वगैरे वगैरे. वर्ध्याच्या सायबर कॅफेत बसून मी ते वाचायचो. आणि माझ्या पुलाच्या बोल्टाखाली काय लिहिलेलं असायचं? 'सापडली. डास फार.' एकदा मी त्याला सरळच विचारलं, ''तुझ्या डब्यात एवढं काय आहे रे?'' तर म्हणाला, ''डब्यात काईच नाई. मानूस एवढा दूर येते, त्याले काई तं दिसलं पायजे ना दिनू? तू त्याले बोल्ट दाखवतं.'' हे तो हसत म्हणाला. त्याच्या बोलण्यात डंख कधीच नसायचा, आणि त्याचंच मला जास्त झोंबायचं. कारण आपल्याला उलट बोलायला जागाच उरत नाही.

आता त्या दगडाचं सांगतो, कारण त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे. देवळी रस्त्यावरून आत जाणाऱ्या एका पांदणीला, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेला, बांधाच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली दगडांचा ढीग होता. त्यात मी एक स्टीलचा डबा ठेवला. यंत्र पाच-दहा मीटरचा घोळ घालतंच, आणि त्या ढिगात सगळे दगड सारखे. उद्या मलाच सापडायचा नाही म्हणून वरच्या दगडाला मी रंग लावून ठेवला. दुकानाच्या शटरला लावून उरलेला नारिंगी रंग होता, तोच. चांगले दोन हात मारले. आणि विसरून गेलो. दसरा झाल्यावर बघायला गेलो तर दगड उभा केलेला, त्याला तेल चोपडलेलं, पुढं नारळाच्या करवंट्या, निंबाला लाल झेंडी, आणि दोन बाया हात जोडून उभ्या. माझ्या हातातलं यंत्र टिकटिक करत सांगत होतं, पोचलात, पोचलात! मी ते खिशात घातलं, दगडाला नमस्कार केला आणि आल्या पावली परत फिरलो.

विलासला सांगितलं तर तो हसता हसता तागे ठेवतात त्या फळीवरच बसला. दुसऱ्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून मला म्हणाला, ''चाल.'' तिथं एक म्हातारी निंबाखाली झाडत होती. मी म्हणत होतो, चोरासारखं उचलावं आणि निघावं. यानं चपला काढल्या, हात जोडले आणि सरळ म्हणाला, ''मावशी, देवाच्या मांगं आमचा एक डबा होता. पाहू का?'' म्हातारीनं काही विचारलं नाही, डबा आणून दिला. म्हणाली, ''पाह्य ना बाबू. पन ते देवाचं हाये. ज्याले वाटन त्यानं टाकावं, ज्याले लागन त्यानं न्यावं.'' आम्ही एकमेकांकडं बघतच राहिलो. आमच्या खेळाचा नियम तो! डब्यात साखरफुटाणे होते, हिरवी बांगडी होती, नव्या सोयाबीनचे मूठभर दाणे होते, बाळाच्या हातातला काळा दोरा होता. आणि ज्या चिठ्ठीवर शोधणाऱ्यानं नाव लिहायचं, त्या चिठ्ठीवर पुण्याच्या एका माणसाच्या सहीखाली कुंकवाची बोटं उठवलेली होती. एकाखाली एक, ओळीनं. लिहिता न येणाऱ्या बायांनी आपली हजेरी लावली होती.

विलासनं चिठ्ठी होती तशी गुंडाळून डब्यात ठेवली. मग म्हणाला, ''दिन्या, लेका... मी जलमभर डबे लपवत राह्यलो तरी मले असा जमनार नाई.'' त्याच्याकडं मी नीट बघितलं. तो जळत होता! माझ्यावर! तोंडावर तेच होतं जे त्याच्या डब्यांची वाहवा वाचताना माझ्या तोंडावर येत असणार. वाचकहो, त्या दिवशी मला जेवण किती गोड लागलं म्हणून सांगू. आयुष्यात एकदाच मी त्याच्या पुढं होतो, आणि तो ते स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. मग तो म्हणाला, ''आता ते त्यायचं झालं, आपल्या नकाशावरून काढून टाक.'' मी काढला. मोठेपणाच्या भरात काढला. आणि त्याबरोबर त्या दगडावरचं माझं नावही पुसलं गेलं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढं दगडाची गोष्ट गावोगाव गेली, कारण विलासनं ती सांगितली. मी सांगितली असती तर दोन वाक्यांत संपली असती. तो सांगायचा तेव्हा ती म्हातारी समोर येऊन उभी राहायची. बाहेरून आलेली पोरं त्याच्या दुकानात गादीवर बसून ती ऐकायची, हसून लोळायची, आणि त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं, की दगड विलासभाऊंचा. तो काही खोटं सांगत नव्हता हो. मी तिथं असलो की दर वेळी माझ्याकडं बोट करून म्हणायचा, ''माहा नाई बाप्पा, याचा होय दगड. याले इचारा.'' की सगळे आणखी जोरात हसायचे, आणि मी चिडून त्याच्याकडंच मान वळवायचो, नीट सांग म्हणून. त्यांना वाटायचं, काय मनाचा मोठेपणा, आपलं श्रेय मित्राला देतो आहे! म्हणजे तो खरं बोलला तरी कौतुक त्याचंच. मी त्याला एकदा चिडून म्हणालोसुद्धा, ''तू सांगत जाऊ नको ती गोष्ट.'' तर म्हणाला, ''काऊन? चांगली हाये ना.''

तेरवीला नागपूरची, अमरावतीची सगळी पोरं आली. जेवणं झाली आणि त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत फोटोसमोर सगळे बसले. वहिनी दाराशी होत्या. एकेकजण आठवणी सांगत होता, आणि मी मनात मोजत होतो की माझ्या मरणाला यातले किती येतील. शेवटी तो फोनवाला पोरगा उठला. म्हणाला, ''आपण सगळे मिळून त्या पांदणीच्या तोंडाशी विलासभाऊंच्या नावानं एक डबी ठेवू या. आणि खाली पूर्ण गोष्ट लिहू, की इथं विलासभाऊंनी रंगवलेल्या दगडाचा देव झाला.'' सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

मी गप्प बसायला हवं होतं म्हणता? का बसावं? पुलाचा बोल्ट घ्या, तोटी घ्या, जिल्ह्यातला पहिला ठिपका घ्या, मला काही नको. पण ही एक... ही एकच तर होती माझी. मी म्हणालो, ''तो दगड माझा होता.''

 मग पोरगा माझ्याजवळ आला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाला, ''हो काका. भाऊ तेच म्हणायचे.'' दुसरा कुणीतरी म्हणाला, ''किती जिवाचे होते ना दोघं.'' एकानं मला पाणी आणून दिलं. त्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी कीव होती. मी म्हणालो, ''अरे, खरंच माझा होता. रंग मी लावला, शटरचा उरलेला.'' ते हळूच हसले, तेच जुनं हसू, विलास माझ्याकडं बोट करायचा तेव्हाचं. मला असा राग आला, असा राग आला... आणि दर वेळी अशा रागात मी जे करायचो, तेच केलं. मान वळवली आणि म्हणालो, ''सांग ना बे विलास यायले!''

या वेळी कुणी हसलं नाही.