आपण दिवा मालवता का?

कोथरूडच्या वसतिगृहात आल्यापासून हमीदा धास्तावलेलीच होती. खोलीतली दुसरी मुलगी, सुनीती, तिला ‘आपण’ म्हणायची. “आपण दिवा मालवता का?” “आपली चप्पल वाटेत आहे.” ऐकलं की हमीदा घाईघाईने उठायची. तिचे अब्बा फार भडकले तरच मुलींना अहो-जाहो करत. त्यापेक्षा शिवी परवडली. आपलं काय चुकतंय, हे विचारायचीही तिची छाती होईना.

त्या संध्याकाळी तर तिच्या हातून सुनीतीचा आरसाच फुटला. काचांमध्ये ती अनवाणी थिजून उभी राहिली. तेवढ्यात दार उघडून सुनीती आत आली. तिने आधी आरसा पाहिला, मग हमीदाचे पाय.

“हलू नकोस, बावळट. काच शिरेल पायात.”

बावळट ऐकलं आणि हमीदाच्या जिवात जीव आला.