धुरपताबाईवर पानं गाळल्याचा आळ

नवेगाव बांधच्या धुरपताबाईची शाळा सातवीत संपली, पण वाचायला बसली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुडदा पडलाच समजा. दुपारची जेवणं उरकली की आळीतल्या बाया मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं आणि जर्दा घेऊन तिच्या घरापुढच्या सपरीत येऊन टेकायच्या. हात बिड्या वळायचे, कान धुरपताकडे. आता जी वाचते तिनं वळायचं कधी? म्हणून उठताना जिनंतिनं आपल्या वळलेल्या बिड्यांतली मूठभर धुरपताच्या सुपात टाकायची. हा रिवाज कुणी घालून दिला नव्हता, पण कुणाची मूठ कधी आखडलीही नाही.

वाचायचं काय, तर गुप्तहेर कारखानिसांच्या कादंबऱ्या. प्रत्येक कादंबरीच्या पहिल्याच पानावर लेखकाचा शब्द छापलेला असायचा : ‘खुनी तुमच्यासमोरच वावरतो आहे.’ आणि माणूस शब्दाला पक्का. शेवटचं प्रकरण आलं की धुरपता पुस्तक मिटायची आणि प्रत्येकीनं खुनी सांगायचा. जमुनाबाई दरवेळी जावयावर बोट ठेवायची. तिला स्वतःला तीन जावई होते. शामकलाचा नेम मात्र सहसा चुकत नसे, आणि त्याचा तोरा ती पुढचे आठ दिवस मिरवायची. धुरपता स्वतःही पुढचं पान चोरून बघायची नाही. तिचा तो धर्मच होता म्हणा.

मग काही वर्षं कारखानिसांचा नवा भाग आलाच नाही. लेखक म्हातारा झाला असेल, असं म्हणून बायांनी मन आवरलं. आणि यंदा धुरपताचा भाऊ दुलीचंद गोंदियाहून नवा भाग घेऊन आला, तेव्हा सपरीत बसायला जागा उरली नाही.

गुळाच्या व्यापाऱ्याचा बंद खोलीत खून. संशयित तिघं : मुनीम, जावई आणि विधवा बहीण. शामकला पहिल्या दिवसापासून मुनिमाच्या मागे लागली होती. त्याच्या ओल्या चपला, त्याची खोटी खोकल्याची उबळ, सगळं तिनं बिड्या वळता वळता मनात बांधून ठेवलं होतं.

शेवटचं प्रकरण धुरपतानं उघडलं आणि वाचता वाचता तिचाच आवाज चिरकला. खुनी निघाला व्यापाऱ्याचा जुळा भाऊ! आफ्रिकेतून आला, खून केला, आणि पकडल्यावर कळलं की असा एक भाऊ होता. मागच्या पूर्ण पुस्तकात त्याचं नावसुद्धा नाही.

मग शामकलानं सूप खाली आपटलं.

“काऊन वं धुरपता, पानं गाळली का तू?”

“मी? मी कायले गाळू?”

“तुले संध्याकाळी भावाकडं जायाचं होतं. घाईघाईत मधली पानं उडवली तूनं. त्या जुळ्याचं आधी आलंच असंल. तो लेखक असा दगा देनारा माणूस नोहे.”

“हो ना बाप्पा,” जमुनाबाई म्हणाली, “आजवर त्यानं कधी फसवलं नाही.”

“अन् मी फसवलं?” धुरपता ओरडली. “त्याचं तोंड तरी पाह्यलं का तुमी? मी इथं घसा फोडून राहिली इतकी वर्सं!”

त्या दिवशी उठताना बायांनी आपापली सुपं कमरेला लावली आणि निघून गेल्या. धुरपताच्या सुपात एक बिडी पडली नाही.

बिड्यांचं तिला दुःख नव्हतं हो. पण आळ! तिनं पुस्तक काखेत मारलं आणि तडक शामकलाचं घर गाठलं. शामकलाची सून दुर्गेश्वरी बी.ए. झालेली. तिच्यापुढे पुस्तक आदळून धुरपता म्हणाली, “वाच. पह्यल्यापासून. अन् तुझ्या सासूले सांग.”

दुर्गेश्वरीनं दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि स्वयंपाकघरातूनच तडकली, “आत्याबाई, काकीनं काहीच गाळलं नाही! जुळा भाऊ कुठंच नाही. त्या लेखकालाच खुनी सापडला नसंल, म्हणून आफ्रिकेतून बोलावला.”

शामकलाचा चेहरा असा झाला, जसा काही सख्ख्या भावानं शब्द मोडला. “मंग त्या ओल्या चपला? तो खोकला?”

“तसंच सोडलं सगळं.”

“मेला! आमी काय मूर्ख म्हनून ध्यान देऊन आयकत होतो?”

दुसऱ्या दिवशी ती धुरपताकडे गेली. “चुकी त्याची होय वं. चाल, जुनाच एखादा भाग वाच.”

धुरपता स्वतःच्या बिड्या वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “आळ चौघींत घातला. एकटीत काढून राहिली काय? जाय आपल्या घरी.”

आठवडा गेला. सपरी ओस. बाया आपापल्या घरी वळायच्या, पण हात चालेनात. बिडी ढिली, बांधणी वाकडी. आठवडी माल द्यायला सगळ्या बिड्या मोजून घेणाऱ्या सट्टेदाराच्या अंगणात जमल्या, तर त्यानं निम्मा माल खराब म्हणून छाटीत फेकला. “बायांनो, ध्यान कुठं आहे तुमचं?”

धुरपता भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे कुणी बघेना. शामकलानं पदर खोचला आणि पुढे आली.

“सट्टेदार, जरा थांबा गा.” मग खाली बघत पुटपुटली, “धुरपतानं एकही पान गाळलं नाही. त्या लेखकाचीच बिडी पोकळ निंगली.”

बाया धुरपताकडे बघू लागल्या. सट्टेदाराला काही कळेना, तरी तोही बघू लागला. धुरपताच्या नाकाचा शेंडा अजून लालच होता.

“मांगं जमुनाबाई उभी आहे,” ती म्हणाली, “तिले आयकू आलं नसंल. मोठ्यानं सांग.”

शामकलानं दात खाल्ले, छाती भरून श्वास घेतला, आणि पुन्हा सांगितलं. रस्त्यावरून जाणारे सायकलवाले थांबले, एवढ्या मोठ्यानं.